उदपव्याप

दोन्ही हात प्लास्टरने बरबटलेले असताना टेबलावरचा फोन थरथरला, पडद्यावर एक ओळ उजळली आणि मी ती पुरती वाचायच्या आत विझली. प्लास्टर एकदा कालवलं की ते कुणाची वाट बघत नाही. ते ठशात ओतायचं, ठशाला खालून टिचक्या मारत राहायचं, आतले बुडबुडे वर येऊ द्यायचे, आणि हे सगळं ते आळायच्या आत. एक बुडबुडा जरी राहिला तरी दाताचा कोपरा बिघडतो, मग कवळी तोंडात बसत नाही, मग दातांचे डॉक्टर लॅबच्या मालकांवर चिडतात आणि मालक माझ्यावर. म्हणून मी टिचक्या मारत राहिले. पण त्या ओळीतलं काहीतरी कुसळासारखं डोळ्यात गेलं होतं आणि निघत नव्हतं. शेवटी हात धुतले, पुसले, फोन उघडला. ‘स्पष्टवक्ता’ नावाच्या कुणीतरी माझ्या ब्लॉगवर लिहिलं होतं, ‘साफ खोटं. असा बाप नसतो. गेलेल्या माणसाला बदनाम करायचे हे उदपव्याप बंद करा.’

मी फोन पालथा घातला. पलीकडच्या टेबलावर मालक एका कवळीच्या हिरड्यांना पॉलिश करत होते. त्यांनी यंत्र थांबवून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “काय गं, चेहरा का उतरला? काही वाईट बातमी?” मी म्हटलं, “नाही हो, घरचंच काहीतरी.” त्यांनी पुन्हा यंत्र सुरू केलं. आणि त्या घरघरीत माझ्या लक्षात आलं की मी ‘घरचं’ म्हणाले. ब्लॉगवर आलेल्या एका परक्या शिवीला मी विचार करायच्या आधीच घरचं म्हणून मोकळी झाले होते. मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, ती एकदाच चुकचुकून गप्प बसत असावी. माझी त्या दुपारी छताला चिकटून बसली ती उतरलीच नाही.

शिव्या मला नव्या नव्हत्या. ‘कोपऱ्यातली’ या नावाने मी लिहायला लागले, आमचं जुनं घर, बाबा, आई, घरातले आवाज, आणि चारदोन लोकांनी वाचावं एवढीच इच्छा होती. पण लोक वाचायला लागले की त्यांना हातही फुटतात. कुणी शुद्धलेखन तपासतो. कुणाला माझं सगळं लिखाण म्हणजे नाकाने कांदे सोलणं वाटतं. एकाने फक्त ‘हं’ लिहिलं होतं आणि त्या ‘हं’ने माझा आख्खा आठवडा खाल्ला. आणि एकाने लिहिलं होतं, ‘कुठे राहतेस ते माहीत आहे.’ त्यानंतर बरेच दिवस मी जिन्यात समोरून येणाऱ्या प्रत्येकाचे बूट बघत असे. वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला मी दारातच इतके प्रश्न विचारले की तो म्हणाला, “बाई, राहू द्या, मी शेजारच्या मीटरवरून अंदाज लिहितो.” ब्लॉगवर मी आमच्या खिडकीचा एक फोटो लावला होता, त्यात समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. तो फोटो काढला. खिडकीचे पडदे बदलले. नवरा म्हणाला, “अगं, त्याला स्वतःचा पत्ता तरी धड सांगता येत असेल का?” हळूहळू कातडी जाड झाली. मी माझे नियम केले. रागात असताना उत्तर द्यायचं नाही आणि भूक लागलेली असताना तर मुळीच नाही. शिवाय मला एक गर्व होता. मी ज्यांचे दात बनवते त्यांचे चेहरे मी कधी बघत नाही, माझ्याकडे येतो तो फक्त त्यांच्या चावण्याचा ठसा. तेवढ्यावरून मी सांगू शकते, हा माणूस झोपेत दात खातो, ही बाई वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावते आहे. मला वाटायचं, शब्दांचंही तसंच. दोन ओळी मिळाल्या की माणूस ओळखता येतो.

आणि हा ठसा तर मी डोळे मिटूनही ओळखला असता. मी बोलायला शिकत होते तेव्हा ‘उपद्व्याप’ हा शब्द माझ्या तोंडात मावत नसे. त्या जोडाक्षराशी पोचेपर्यंत जीभ घाबरायची, द उडी मारून पुढे यायचा आणि बाहेर पडायचं ते ‘उदपव्याप’. बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक. दिवसभर दुकानांमधून खोटी वजनं पकडायची आणि संध्याकाळी घरी येऊन आमची बोलणी तोलायची. ‘जवळजवळ संपलं’ म्हटलेलं त्यांना चालत नसे, संपलं की नाही संपलं ते सांगा. अशा माणसाने माझा द कान धरून जागेवर बसवायला हवा होता. पण ते हसले. बाबांचं हसू आमच्याकडे पाहुण्यासारखं यायचं, म्हणून ज्या गोष्टीने ते आलं ती गोष्ट सगळ्यांनी जपून ठेवली. आई उदपव्याप म्हणायला लागली, ताई म्हणायला लागली, खुद्द बाबाही म्हणायला लागले. पुढे तर त्या दोन शब्दांना दोन अर्थ फुटले. उदपव्याप म्हणजे माफ करण्याजोगं. पीठ सांडलं, आईची चप्पल घालून गच्चीवर गेले, ताईच्या वहीत मिशा काढल्या, हे उदपव्याप, त्यावर फक्त डोळे वटारले जायचे. आणि बाबांनी एखादेवेळी सगळी अक्षरं नीट लावून ‘कोणाचे हे उपद्व्याप?’ असं विचारलं, की आम्ही दोघी भिंतीला लागायचो. बाहेरच्या कुणाला हा फरक सांगून कळला नसता. बाहेरच्या कुणाला आम्ही तो कधी सांगितलाही नाही.

आई गेली, मग बाबा गेले. घर गेलं. तो शब्द आता जगात दोनच तोंडांत उरला होता, एक माझ्या आणि एक ताईच्या. फार तर अडीच म्हणा, कारण नवऱ्यानेही तो माझ्याकडून उचलला होता, पण तो परक्याच्या ताटातली भाजी उचलावी तसा, संकोचाने.

म्हणून आधी नवरा. तो लिफ्टची देखभाल करतो. इमारतींच्या पोटात लोंबकळून घरी आलेला माणूस जेवताना फार बोलत नाही, पण त्या संध्याकाळी त्याचं गप्प असणंही मला ठरवून केल्यासारखं वाटायला लागलं. ब्लॉग माझा आहे हे फक्त त्याला माहीत होतं. तो फोन बघत होता, आणि पडदा माझ्याकडून किंचित वळवलेला होता. रोज तसाच असतो की आजच, हे मला आठवेना. मी भांडी उचलता उचलता सहज विचारल्यासारखं विचारलं, “उदपव्याप हा शब्द तू कधी कुठे लिहिलास का रे?”

“मी?” तो हसला. “मी आयुष्यात सहीशिवाय काही लिहीत नाही. का?”

“काही नाही. असंच.”

“तुझं ‘असंच’ मला माहीत आहे. कुणी काही लिहिलं का पुन्हा?”

मी नाही म्हटलं. त्याने लगेच ओळखलं ते कसं, हा प्रश्न मी भांड्यांबरोबर घासत बसले. सकाळी तो अंघोळीला गेला आणि नळाचा आवाज सुरू झाला तेव्हा मी त्याचा फोन उघडला. असं मी याआधी कधी केलं नव्हतं. बोटं प्लास्टर लागल्यासारखी जड झाली होती. स्पष्टवक्ता नव्हता. गुडघेदुखीवरचे व्यायाम होते, एका जुन्या मोटारसायकलचे फोटो होते, आणि मग माझ्या ब्लॉगवर त्याने स्वतःसाठी घेतलेलं नाव दिसलं, ‘नम्र वाचक’. हा नम्र वाचक माझा सगळ्यात जुना वाचक. प्रत्येक लेखाखाली दुसऱ्या दिवशी दोन ओळी, ‘मनाला भिडलं. लिहीत राहा.’ अवघड दिवसांत मी त्याच्या त्या दोन ओळींवर उभी राहिले आहे. मी कल्पनेत त्याला पांढरे केस दिले होते, एक छडी दिली होती, निवृत्त ग्रंथपाल केलं होतं. तो निवृत्त ग्रंथपाल आत साबण लावून शीळ घालत होता. मी फोन होता तसा ठेवला, त्याचा डबा भरला. शत्रू शोधायला गेले आणि होता तो मित्रही हातचा गेला. नवऱ्याचा राग यायला हवा होता की माया, ते मला कळेना. दोन्ही आलं, आणि त्याच्या वर पुन्हा तीच पाल, की जो गोड नावाने लिहू शकतो तो कडू नावाने का नाही? पण नाही. तो उदपव्याप म्हणताना नेहमी थोडा थांबतो, चुकू नये म्हणून. जो चुकायला घाबरतो तो एवढ्या झोकात चुकत नाही.

उरली ताई.

हे मनाला सांगायला मला तीन दिवस लागले असतील. लॅबमध्ये मी एका म्हाताऱ्या माणसाची कवळी करत होते, मेणात एकेक दात रोवत होते, आणि प्रत्येक दाताबरोबर एकेक पुरावा बसत होता. बाबांचं शेवटचं आजारपण ताईनेच काढलं, बाबांबद्दल वाकडा शब्द तिला खपत नाही. गेल्या वेळी फोनवर ती म्हणाली होती, “तू हल्ली फार विचारात असतेस,” म्हणजे काय? ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा फोन बघत बसते, हे तिनेच सांगितलं होतं. आणि लेख कुठला होता? गॅलरीचा. मी बाबांचं नमुन्याचं पितळी वजन खेळायला घेतलं, ते हरवलं, आणि बाबांनी मला गॅलरीत घालून आतून कडी लावली, त्याबद्दलचा. ते काही उदपव्यापांत मोडत नव्हतं. ती संध्याकाळ माझ्याशिवाय आणखी एकाच जिवंत माणसाला ठाऊक होती. तिनेच वाचलं, तिलाच झोंबलं. आणि शिवी देतानासुद्धा तिच्या हातून तो माफीचा शब्द निसटला. ते तर मला सगळ्यात जास्त लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं आई म्हणायची. मी दिवसभर दात हाताळते, पण ती म्हण मला त्या दिवशी हाताला लागली.

सुटीच्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं, “अगं, फोन तरी करायचास,” म्हणाली आणि ओले हात पुसत पुन्हा ओट्याकडे वळली. मला ते हात पुसणं जरा जास्त वेळ चाललंय असं वाटलं. तिने चहा ठेवला. साखर किती हे विचारलं नाही, कारण तिला माहीत आहे. नेहमीचीच गोष्ट, पण त्या दिवशी मला वाटलं, हिला माझं काय काय माहीत आहे! खिडकीत औषध कंपनीचं कॅलेंडर हलत होतं. ती दुकानातल्या एका बाईची गोष्ट सांगत होती, जी गोळी कशावर आहे हे न विचारता फक्त रंग सांगते, “तो गुलाबी पुडा द्या.” मी हसले नाही. चहाचा कप हातात आला तेव्हा मी म्हटलं, “ताई, ते तूच लिहिलंस ना?”

“काय लिहिलं?”

“उगाच आव आणू नकोस.”

“अगं, काय लिहिलं? कुठे?” तिने गॅस बंद केला. तिच्या कपाळावर ती आठी आली जी खरोखर न कळल्यावर येते, आणि जी, मी मनात म्हटलं, कुणालाही आणता येते.

“स्पष्टवक्ता म्हणून. खोटं नाव घेऊन लिहायची काय गरज होती? माझ्या तोंडावर म्हणायचंस. फोन करायचास. एवढं होतं तर घरी यायचंस, दोन थोबाडीत द्यायच्यास.” मी बरंच बोलले. सगळं आठवत नाही, आवाज चढला होता एवढं आठवतं, कारण शेजारच्या घरातला टीव्ही मध्येच बारीक झाला. शेवटी मी फोन उघडून तिच्यासमोर धरला. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिने चष्मा शोधला. तो शोधताना ती दोन खोल्यांत फिरून आली आणि मला वाटलं, वेळ काढते आहे. मग तिने ती कॉमेंट वाचली. आणि मग, मी फोन परत घ्यायच्या आत, तिचं बोट पडद्यावरून फिरलं आणि वर गेलं, लेखावर. ती वाचत होती. तिचे ओठ हलत होते. ती लहानपणापासून तशीच वाचते.

“हे कोणाचं आहे?” तिने विचारलं.

तेव्हा मला कळलं. तिला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं जे मी तिच्यापासून लपवलं, नावं बदलली, खिडकीतली टाकीसुद्धा झाकली, ते मी स्वतः चालत येऊन, बसचं तिकीट काढून, तिच्या हातात दिलं होतं. “माझं,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. रागावली नाही. “मला पाठव,” म्हणाली, “इथे नीट दिसत नाही.” आणि मग चहा गार झाला म्हणून तो पुन्हा गरम करून दिला. मी पाठवलं. पाठवताना वाटलं, अजूनही ही नाटक करत असली तर? खोटं कशाला सांगू, तसं वाटलं. संशय एवढा निर्लज्ज असतो की पुरावा समोर असतानाही तो आपली खुर्ची सोडत नाही.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. लॅबमध्ये फोन थरथरला की हात थांबायचे, दोन ठसे बिघडले, मालक म्हणाले, “सुटी हवी असेल तर घे बाई, पण लोकांची तोंडं वाकडी करू नकोस.” तिने वाचायला सुरुवात केली असेल, कुठपर्यंत आली असेल, आईच्या लेखापर्यंत का, जुन्या स्वयंपाकघराच्या, बाबांच्या आजारपणाच्या? तिच्या डोळ्यांनी मी माझंच लिखाण पुन्हा वाचायला लागले आणि प्रत्येक वाक्यात मला चोरासारखं काहीतरी दिसायला लागलं. असंच एका दुपारी, काही तरी करायचं म्हणून, मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. स्पष्टवक्ता या नावावर बोट ठेवलं. त्याने जगभर जिथे जिथे तोंड घातलं होतं ते सगळं समोर उघडलं. तो सगळ्यांवर चिडलेला होता. सायकल दुरुस्तीबद्दल लिहिणाऱ्या एका मुलीला त्याने लिहिलं होतं, ‘तुमचे ब्रेकबद्दलचे अज्ञान म्हणजे निव्वळ मूखर्पणा.’ एका कवीला, ‘निलर्ज्ज माणसा.’ कुणाला, ‘वाचकांकडे दुलर्क्ष करू नका.’ आणि गच्चीवर भाजी लावणाऱ्या एका गृहस्थाला, ‘इमारतीला ओल येईल, हे उदपव्याप बंद करा.’ मी ते दोनदा वाचलं. मग मला हसू आलं, आणि ते हसू मला गिळवेना. त्याला जोडाक्षरं टाईप करता येत नव्हती. र जागेवर बसत नव्हता, द जागेवर बसत नव्हता, तो चुकत होता आणि पाठवत होता. कुठलं घर, कुठला माफीचा शब्द? साप साप म्हणून मी भुई धोपटली होती, आणि ती भुई म्हणजे ताई.

मी मालकांना सांगून लवकर निघाले. ताईचं दुकान रस्त्याच्या वळणावर आहे, समोर काउंटर, मागे छतापर्यंत खोके, आणि त्या खोक्यांमधून ती एखादं औषध न बघता काढते. चार माणसं उभी होती. मी त्यांच्या मागे उभी राहिले. तिने मला पाहिलं, मान हलवली, आणि हातातल्या पट्टीवर पेनने खूण करत समोरच्या आजोबांना म्हणाली, “ही सकाळी. ही रात्री. उलट करू नका.” ते गेले, मग आणखी दोघे गेले, आणि मी काउंटरशी, उरलेल्या बाईच्या शेजारी पोचले.

“ताई, तो कोणीतरी दुसराच आहे,” मी भरभर म्हटलं. “मी शोधलं. त्याला धड लिहिता येत नाही, सगळीकडे असंच लिहितो. माझं चुकलं.”

“कोण?”

“तो. स्पष्टवक्ता.”

“त्याचं काय घेऊन बसलीस,” ती म्हणाली. तो कोण याने तिला काही फरक पडत नव्हता. तिने त्या बाईचा कागद घेतला, वाचला, मागे वळून एक खोका काढला. “मी सगळं वाचलं. पहिल्यापासून. दुपारी वेळ असतो ना मला.”

मी पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

“चांगलं लिहितेस. आईचं वाचून मला रडू आलं. इथेच, काउंटरवर.” तिने त्या बाईला सुटे पैसे दिले. “पण त्यात तू एकुलती एक आहेस.”

“ताई, तसं नाही. कुणी ओळखू नये म्हणून. दोन बहिणी म्हटलं की लगेच कळतं ना कोण ते. तुलाच त्रास झाला असता.”

“हो, ते आलं माझ्या लक्षात.” ती खरंच समजूतदारपणे म्हणाली, आणि मला वाटलं, हिने ओरडावं. “ते गॅलरीचं लिहिलंयस त्यात शेवटी एक वाक्य आहे. ‘मग दार उघडलं.’ आणि पुढे बाबांबद्दल लिहिलंयस, की वरून कडक, पण आतून तसे नव्हते.” तिने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. “दार कोणी उघडलं?”

मी तोंड उघडलं. मला ते दार स्पष्ट दिसत होतं. हिरवा रंग, खालच्या फळीला पडलेली चीर, मग आतला दिव्याचा पिवळा पट्टा गॅलरीच्या फरशीवर, माझ्या पायांपर्यंत. मग आत जाणं, मग ऊब. इतक्या वेळा आठवलेलं, इतक्या लोकांना वाचून दाखवल्यासारखं लिहिलेलं. त्या पट्ट्यात कुणीतरी उभं होतं. तिथे मी नेहमी बाबांना उभं केलं होतं. “बाबांनी,” मी म्हटलं, आणि म्हणतानाच आवाज हलका झाला.

“बाबा समोर खुर्चीत बसले होते. कोणी कडीला हात लावायचा नाही म्हणाले होते. माझा हात पुरत नव्हता, मी स्टूल आणलं.” ती हे सकाळची गोळी-रात्रीची गोळी सांगावी तसं सांगत होती. “तुला आत घेतलं, तोंड धुतलं, झोपवलं. तू लगेच झोपलीस.”

“आणि मग?”

“मग तू झोपली होतीस.”

“ताई, मग काय झालं?”

तोवर माझ्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या माणसाने माझ्या खांद्यावरून कागद पुढे केला. ताईने तो घेतला, चष्मा पुन्हा लावला, डॉक्टरांच्या त्या गिचमिड अक्षरांवरून नजर फिरवली. मग कागद तसाच हातात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझा तो माणूस काय वाईट लिहीत नाही. साफ खोटं, असं म्हणालाय ना तो? हे उपद्व्याप बंद करा, म्हणालाय.”

तिने तसं म्हटलं. सगळी अक्षरं आपापल्या जागी, प नंतर द्व्या, द्व्यानंतर पुन्हा प. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. वाकडंतिकडं लिहिलेलं सरळ वाचायची तिला सवय आहे, दिवसभर ती तेच करते, त्या माणसाची चूक तिने नकळत दुरुस्त करून वाचली असेल. असेलही. किंवा तिने ते नीट, ठरवून, बाबांसारखं म्हटलं असेल. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मागे माणसं उभी होती, मी विचारलं नाही.

“जरा बाजूला व्हा,” ताई म्हणाली. ते ‘व्हा’ कुणाला म्हणून मी वळून पाहिलं. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं. मी बाजूला झाले, आणि मागचा माणूस पुढे आला.